गुरम्माव्वाची सोबत

आमच्या दुधनीत कुणाची लेक सासरी निघाली की पहिला निरोप गुरम्माव्वाकडे जायचा. जावयाला सुट्टी नाही, भावाला तुरीच्या हंगामात आडत सोडता येत नाही, बापाची कंबर धरलेली. पण लेक ठरल्या दिवशी पोचली तर पाहिजे, आणि तान्ह्या बाळाला घेऊन एकटी कशी पाठवायची? निरोप आला की गुरम्माव्वा पायरीवरून न उठताच विचारायची, "कुटं? अफजलपूरकडं का आळंदकडं?" एवढं कळलं की तिची तयारी झाली.

तयारी म्हणजे एक कापडी पिशवी. तीत पाण्याची बाटली, उलटीसाठी लिंबू, गुळाचे खडे आणि बाळाला गुंडाळायला धुतलेलं जुनेर. अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा. माझी पिठाची गिरणी तिच्या घरासमोरच, त्यामुळे तिचं जाणं आणि येणं दोन्ही मला दिसायचं. जाताना पोरगी हमखास रडत असायची आणि ही तिला दटावत असायची. परत येताना मात्र एकटीच, गप्प, जरा वाकून चालायची. सोबतीच्या बदल्यात तिला नारळ, खण आणि व्याह्यांच्या घरचं एक जेवण मिळायचं. जेवण कसं होतं ते ती मला न विचारता सांगायची. आळंदकडच्या एका घरी आमटीत मीठ विसरले होते, ते तिनं कित्येक वर्षं त्यांना विसरू दिलं नाही.

ती स्वतः तिकडचीच, भीमेकाठच्या एका गावातली. लग्न होऊन इकडे आली, आणि मूलबाळ व्हायच्या आधीच नवरा गेला. सासरच्यांनी एक खोली दिली आणि विसरून गेले. मग नणंदेला पोचवायला कुणी नव्हतं म्हणून ही गेली, पुढच्या वर्षी शेजारणीच्या लेकीबरोबर गेली, आणि असं करता करता गावातल्या निम्म्या लेकीसुना तिच्या सोबतीनं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे आल्या-गेल्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एसटीत बसली की तिसऱ्या थांब्यापर्यंत ड्रायव्हरचं गाव, त्याच्या आईचं माहेर आणि धाकट्या भावाचं लग्न का जमत नाही, हे सगळं तिला कळलेलं असायचं. मी चिडवायचो, म्हणायचो, अव्वा, तू जनगणनेला जात जा. ती म्हणायची की ओळख निघाली म्हंजे माणूस वाईट वागत नाही. प्रवासात जपायचं कसं, तर असं.

आणि दोन राज्यांची सीमा? सीमा तिच्या गावीही नव्हती. एसटी खड्ड्यात आदळायची थांबली किंवा आदळायला लागली की राज्य बदललं असं समजायचं. कोणत्या बाजूचा रस्ता बरा, हे दर निवडणुकीला बदलायचं. आमच्याकडे घराघरांत दोन्ही भाषा. सासू कानडीत ओरडते, सून मराठीत पुटपुटते, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतं.

मग तो हिवाळा आला. पाण्याला आणि रस्त्याला वैतागलेल्या इकडच्या काही गावांनी म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर आम्हाला तिकडच्या राज्यात जाऊ द्या. मी त्यांना दोष देत नाही. टँकरची वाट बघणारा माणूस काय वाटेल ते बोलतो. पण ते बोलणं दोन्हीकडच्या मोठ्या गळ्याच्या लोकांनी उचललं. टीव्हीवर रोज नकाशे दिसू लागले. तिकडे इकडच्या एसटीला काळं फासलं, मग इकडे तिकडच्या. काचा फुटल्या. गाडीवाले नंबरप्लेटला चिखल फासून जाऊ लागले. एसटी सीमेवरच्या फाट्यापर्यंत जायची आणि मन होईल तेव्हा तिथूनच माघारी फिरायची. जे लोक माइकवरून एकेक इंच जमिनीच्या गोष्टी करत होते, त्यांच्यापैकी एकाच्याही घरची बाई त्या दिवसांत एसटीनं कुठे निघालेली मी पाहिली नाही. मला आजही त्यांचा राग येतो आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

त्याच दिवसांत कल्लप्पाची चंद्रिका सासरी जायची होती. इथली नावं मी बदलली आहेत, गुरम्माव्वाचंही, कारण खरी लिहिणं बरं नव्हे. कल्लप्पा आमच्या ओळीतच राहतो, तुरीची आडत आहे. चंद्रिका एकुलती एक. बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला. नवरा सोमशेखर सीमेपलीकडच्या गावचा, खताचं दुकान असलेला, हसऱ्या तोंडाचा पोरगा. तो बारशाला आला होता, त्यानंतर येणं झालं नव्हतं. रोज संध्याकाळी चंद्रिका गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची आणि बाळाला फोनसमोर धरायची. ते आम्हाला सगळ्यांना दिसायचं.

आमच्याकडे बाळाला बापाच्या घरी पाचव्या महिन्यात पाठवतात, सहाव्यात नाही. आणि दुसरं असं की आईची ओटी भरून, वेशीतल्या बसवण्णाला नारळ फोडून एकदा बाळ वेशीबाहेर पडलं, की त्या रात्री ते बापाच्या छपराखालीच झोपलं पाहिजे. वाटेतून माघारी आणलं तर बापाचं आणि त्याचं नातं टिकत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. कल्लप्पाला हे पटत नव्हतं, तो आठवडाभर थांबू म्हणत होता. पण पाचवा महिना सरत आला होता, आणि त्याची बायको सिद्धेश्वरी ऐकेना. रेल्वेनं जावं तर चंद्रिकेचं सासर रुळांपासून लांब. उतरून पुन्हा एसटीच. शेवटी गुरम्माव्वाच म्हणाली, "मी हाय की. कशाला घोर लावून घेता?"

सकाळी त्या निघाल्या. सिद्धेश्वरीनं शेंगापोळ्यांचा डबा दिला, बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावला. मी गिरणीच्या दारातून हात केला. एसटी समोरून गेली तेव्हा दोघी मागे न बसता कंडक्टरच्या जवळ बसल्या आहेत, हे मी मुद्दाम पाहिलं आणि मला बरं वाटलं.

पुढचं गुरम्माव्वानं ज्याला त्याला सांगितलं, पोलिसांनाही सांगितलं, ते असं. एसटी फाट्यावर थांबली. कंडक्टर म्हणाला, पुढे दगड पडताहेत, गाडी जाणार नाही, ज्यांना परत यायचंय त्यांनी बसून राहा. बहुतेक सगळे बसून राहिले. चंद्रिकाही म्हणत होती की परत जाऊ. पण गुरम्माव्वानं ऐकलं नाही. बाळ वेस ओलांडून आलंय, माघारी न्यायचं नाही, असं म्हणून ती दोघांना घेऊन खाली उतरली. तिनं चंद्रिकेला सोमशेखरला फोन लावायला सांगितला आणि त्याला म्हणाली, तू मोटारसायकल घेऊन ये, आणि पोराला घेऊन जा.

तो आला. सीमा ओलांडून इकडच्या फाट्यावर आला. तिथे इकडच्याच गावांमधली पोरं काळ्या रंगाचा डबा घेऊन उभी होती आणि तिकडच्या नंबरच्या गाड्या अडवत होती. एक ट्रक अडवला होता. ड्रायव्हर काच वर करून आत बसलेला, पोरं काचेवर दगड मारायला लागली. सोमशेखर ट्रकच्या बाजूनं पुढे आला. त्याला झाडाखाली बायको दिसली, कडेवर पोरगा दिसला, त्यानं हात वर केला. ट्रकला मारलेला दगड त्याच्या कानामागे लागला.

पोरं क्षणात पांगली. गुरम्माव्वा धावली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बाळासाठी आणलेलं जुनेर जखमेवर दाबलं. अडकलेल्या गाड्यांमुळे ती एसटी अजून वळायची होती, तिच्यातूनच त्याला अक्कलकोटला नेलं. तिथून सोलापूरला हलवायचं ठरेपर्यंत तो गेला. दगड कुणाच्या हातून सुटला, ते आजवर कळलेलं नाही. त्या पोरांनाही कळलं नसेल. त्यांच्यातल्या कुणाकुणाची आई गुरम्माव्वाच्या सोबतीनंच या गावांमध्ये सून म्हणून आली असणार. असेलच; हिशेब घातला तर दुसरं काही निघत नाही.

दवाखान्याच्या आवारात कल्लप्पा आणि मी पोचलो तेव्हा गुरम्माव्वा भिंतीला टेकून उभी होती. लुगड्यावर रक्त वाळलेलं. कल्लप्पानं काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "कल्लप्पा, मीच बोलावलं त्याला. पोरगी परत जाऊ म्हणत हुती. मी ऐकलं न्हाय."

 कल्लप्पा तापट माणूस, पण त्या वेळी आवाज चढला नाही. "अव्वा," तो म्हणाला, "आजपासनं माझ्या दाराकडं बघू नकोस."

तिनं मान हलवली. तिनं त्यानंतर खरंच त्या दाराकडे पाहिलं नाही. ओळीतून जाताना कल्लप्पाचं घर आलं की ती पदर पुढे ओढून पलीकडच्या बाजूनं जायची.

चंद्रिका सासरीच राहिली. तिची सासू कडक बाई म्हणून प्रसिद्ध. नवरा गेला की सुनेला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी घालवून, नातवाला ठेवून घेणाऱ्या सासवा आमच्या भागात कमी नाहीत, आणि ही त्यांतलीच निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण तसं झालं नाही. ती येईल-जाईल त्याला सांगायची, एका म्हातारीच्या खुळ्या समजुतीनं माझा लेक गेला, यात माझ्या सुनेचा काय दोष? खताचं दुकान सुनेच्या हाती दिलं. नातू सुनेच्याच कुशीत वाढला.

काही आठवड्यांत एसटी पूर्ववत सुरू झाली. नकाशे टीव्हीवरून गेले. दोन्हीकडचे मोठ्या गळ्याचे लोक अक्कलकोटला एका लग्नात शेजारी शेजारी बसून जेवले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गिरणीला सुट्टी नसती तर बरं झालं असतं, मला तिथे जावंच लागलं नसतं.

गुरम्माव्वाला मात्र कुणी बोलावेना. एकदा एका घरून लेकीबरोबर जाशील का म्हणून विचारणा आली होती. दुसऱ्या दिवशी तीच बाई येऊन ओशाळत म्हणाली, की व्याह्यांनी नको म्हटलंय. "बरुबर हाय त्यांचं," गुरम्माव्वा म्हणाली, आणि तिला चहा पाजून पाठवलं. बायका दळण घेऊन माझ्याकडे यायच्या तेव्हा तिच्या पायरीजवळून जाताना पोरांना कडेला ओढायच्या. तिला ते दिसायचं.

मला एक गोष्ट सलत होती. काही वर्षांपूर्वी ओढ्याला पाणी आलं होतं, तेव्हा याच बाईनं एका बाळंतिणीला अर्ध्या वाटेतून माघारी आणलं होतं. वेशीतून आत आणताना आयाबाया ओरडल्या, तर ही म्हणाली होती की नात्याचं पुढचं पुढं, आधी पोर जगू दे. मग याच वेळी तिला वेस एवढी मोठी का वाटली? एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी तिला सरळ विचारलं. ती पायरीवर शेंगा फोडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, शेंगा पदरात गोळा केल्या आणि आत गेली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माणूस म्हातारपणी हट्टी होतं, अशी मी माझी समजूत घातली.

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. सकाळी पायरीवर दिसली नाही म्हणून माझ्या बायकोनं दार ढकललं, तर ती झोपेतच गेलेली. चेहरा शांत होता असं म्हणायची पद्धत आहे, पण तसं नव्हतं. दमलेला होता.

माती द्यायला माणसं थोडी जमली. आमच्यात मृताला बसवून पुरतात. आमचे पुरोहित जंगम, त्यांनी विधी केला, कपाळाला विभूती लावली, बेलाची पानं ठेवली. एवढ्या लेकी पोचवणाऱ्या बाईच्या शेवटच्या वाटेला लेकी फार आल्या नाहीत. कल्लप्पा आला होता, पण लांब, बांधावरच्या लिंबाखाली उभा राहिला. न यावं तर गाव बोललं असतं. मीही त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो, कारण तो एकटा बरा दिसत नव्हता.

तेवढ्यात चंद्रिका आली. फोन कुणी केला कोण जाणे. एकटीच, कडेवर पोरगं, एसटीतून उतरून उन्हात चालत. कुणाशी न बोलता खड्ड्यापर्यंत गेली, वाकली, मूठभर माती टाकली, पोराच्या हातूनही टाकवली. मग आमच्याकडे आली आणि बापाला म्हणाली की चला, माती द्या. कल्लप्पा म्हणाला, तिनं तुझं कपाळ पांढरं केलं, मी देणार नाही.

चंद्रिकेनं पोराला खाली सोडलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी निघायला लागलो तर तिनं हातानंच थांबा म्हटलं.

"अप्पा, त्या दिवशी फाट्यावरनं त्यांना फोन मी केला हुता," ती म्हणाली. "अव्वा कंडक्टरशी बोलत हुती तवा. ती येऊन म्हणाली, चल, परत जाऊ, वेस काय आपल्याला खात न्हाय. तवर ते गाडीवर निघाले हुते, फोन उचलेनात."

कल्लप्पाला काही कळलंच नाही असं वाटलं. त्यानं विचारलं, "का गं?"

"मला बघायचं हुतं त्यांना."

एवढं बोलून ती रडायला लागली. रडत रडतच तिनं पुढचं सांगितलं. अक्कलकोटच्या वाटेवर, चालत्या एसटीत, सोमशेखरचं डोकं मांडीवर असताना गुरम्माव्वानं तिचा हात धरला होता. म्हणाली होती, फोन मी करायला लावला, परत जायला मी अडवलं, कळलं का? कुणी विचारलं तर हेच. तुझ्या सासूला खरं कळलं तर ती तुला दारात उभी करणार नाही, आणि पोरगं देणार नाही. माझं काय, मला ना मूल ना बाळ, माझं कोण काय हिरावून घेणार? चंद्रिका नको म्हणाली, तर गुरम्माव्वानं तिचा हात उचलून बाळाच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. मी जिवंत असेपर्यंत आईबापालाही सांगायचं नाही. बापाकडून आईला, आईकडून गावाला, आणि गावातली अर्धी घरं तुझ्या सासरच्या सोयऱ्यांची.

लिंबाखाली आम्ही तिघं मोठी माणसं उभी होतो आणि त्या पोराला मातीत एक मुंगळा सापडला होता. तो त्याच्याशी बोलत होता. मला गुरम्माव्वाचा चेहरा आठवला, त्या दुपारी शेंगा गोळा करताना माझ्याकडे पाहिलेला. मी म्हातारीला हट्टी म्हटलं होतं. ती जनगणना करत फिरणारी बाई, अख्ख्या गावासमोर एक खोटं पाठीवर घेऊन बसली होती आणि चहा पाजत होती. 

कल्लप्पा निघाला. वाटेतच वाकून त्यानं मूठभर माती उचलली आणि जवळजवळ पळतच खड्ड्याकडे गेला. पण खड्डा भरून झाला होता. माणसं फावड्यानं माती चोपत होती, जंगम झोळी आवरत होते. त्यानं विचारलं, आता देता येईल का? जंगम म्हणाले, वरून टाका, चालतं. त्यानं टाकली नाही. तिथेच गुडघ्यावर बसला.

"अव्वा," तो म्हणाला, "एकदा तरी दाराकडं बघायचं हुतंस की."

जमलेल्यांना वाटलं, मेलेल्या माणसाशी वैर संपवतोय. एकदोघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, झालं गेलं विसरा म्हणाले.  खरं काय ते त्याला सांगता येणारच नव्हतं.

चंद्रिका घरी न येताच पुढच्या एसटीनं परत गेली. सासूला आडतीच्या कामाचं सांगून आली होती. मी आणि कल्लप्पा चालत परतलो. दारात सिद्धेश्वरी आंघोळीचं पाणी काढून उभी होती.

"माती दिली का तिला?" तिनं विचारलं.

कल्लप्पानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "न्हाय."

"बरं केलंत," सिद्धेश्वरी म्हणाली. "माझ्या लेकीचा जीव जाळला त्या बाईनं." आणि तिनं बादली पुढे सरकवली. कल्लप्पा तिथेच उभा राहून ते सगळं ऐकत होता, आणि ती आणखी बराच वेळ बोलत होती.